महाराष्ट्रातली सगळी उंच शिखरं करायची आहेत: यादी कुठली धरायची, नागपूरहून क्रम कसा लावायचा?

सक्करदरा_चौक

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं नागपूरचे. वय तीस ते पंचेचाळीस, चालायची सवय आहे, डोंगराची फारशी नाही. महाराष्ट्रातली उंच शिखरं एकेक करून सगळी करायची असं ठरवलंय. स्कॉटलंडमध्ये लोक तीन हजार फुटांवरची २८२ मन्रो शिखरं करतात, तशी आपली एक यादी धरून.

अडचण यादीपासूनच आहे. शाळेच्या भूगोलात कळसूबाई १६४६, साल्हेर १५६७, महाबळेश्वर १४३८, हरिश्चंद्रगड १४२४, सप्तशृंगी १४१६, तोरणा १४०४, त्र्यंबकेश्वर १३०४, वैराट ११७७, चिखलदरा १११५ अशी उतरंड असते. ट्रेकर लोकांच्या याद्यांत मात्र घनचक्कर, गवळदेव, धोडप अशी पुस्तकात नसलेली नावं बरीच वर येतात.

१) खरी यादी कुठली?
२) नागपूरहून क्रम कसा लावावा? प्रत्येक वेळी एवढं लांब जाणं परवडत नाही.
३) धूपगडावर मोबाईलने उंची १२९० च्या आसपास दाखवली, पाटी सांगते १३५२. चूक कोणाची?
४) नागपूरसारख्या सपाट गावात तयारी कशी करायची?

---

नकाशावाचक

पहिल्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण इथे घोळ झाला की पुढची सगळी पायपीट वादात जाते.

पुस्तकातली यादी चुकीची नाही, पण ती चढणाऱ्यांसाठी केलेली नाही. तीत महाबळेश्वर, त्र्यंबकेश्वर, चिखलदरा ही गावांची किंवा पठारांची नावं आहेत. महाबळेश्वरचा सर्वात उंच भाग पठारावरचाच, तिथवर गाडी जाते. उलट घनचक्कर-गवळदेवची रांग १५०० मीटरच्या वर आहे, पण तिथे ना किल्ला ना देवस्थानाचा मोठा बोलबाला, म्हणून पुस्तकात नाही.

जगभर हा प्रश्न एकाच पद्धतीने सोडवतात. नुसती उंची बघत नाहीत, शेजारच्या जास्त उंच डोंगराकडे जाताना मधल्या खिंडीपर्यंत किती उतरावं लागतं ते बघतात. याला प्रॉमिनन्स म्हणतात, मी खाली ‘उठाव’ म्हणतो. आल्प्समधली चार हजार मीटरवरची अधिकृत ८२ शिखरं ठरवताना किमान ३० मीटर उठाव हा एक निकष होता. कोलोरॅडोत चौदा हजार फुटी शिखरांसाठी ३०० फूट धरतात. मन्रोंच्या बाबतीत असा ठाम आकडा नाही, १८९१ मध्ये ह्यू मन्रोने यादी केली ती बरीचशी नजरेच्या अंदाजाने, आणि त्यामुळे तिच्यात आजवर भर आणि वजावट चालूच राहिली.

सह्याद्रीसाठी १०० मीटर उठाव धरा असं माझं मत. ३० धरलात तर पठारावरचा प्रत्येक टेकाड शिखर होऊन बसतो, कारण आपले डोंगर बेसॉल्टच्या थरांचे, माथे सपाट आणि कडे सरळ.

उठाव काढायचा कसा? सर्वे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा ओपन सिरीज नकाशा घ्या. समोच्च रेषांमधलं अंतर २० मीटर असतं. शिखराभोवतीच्या बंद रेषा आतून बाहेर मोजत या. ज्या पहिल्या रेषेच्या पोटात शेजारचं जास्त उंच शिखरही येतं, तिथे थांबा. खिंड त्या रेषेच्या वर आणि तिच्या आतल्या रेषेच्या खाली कुठेतरी आहे. समजा शिखर १४३१ आणि दोघांना एकत्र घेणारी रेषा १३०० ची. म्हणजे खिंड १३०० ते १३२० मध्ये आणि उठाव १११ ते १३१. पास. पण एकत्र घेणारी रेषा १३२० ची निघाली तर उठाव ९१ ते १११, म्हणजे नकाशावरून निकाल लागत नाही. अशी शिखरं वेगळी लिहून ठेवा आणि खिंडीत उंची प्रत्यक्ष मोजा.

नकाशा वाचताना दोन गोष्टींत हमखास फसगत होते. त्रिकोणाच्या खुणेशेजारची उंची ही त्रिकोणमितीय मोजणीची, ती विश्वासाची. नुसत्या टिंबाशेजारचा आकडा दुय्यम. आणि आकड्यापुढे ‘आर’ हे इंग्रजी अक्षर असेल तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नसतेच, ती बांधाची किंवा खड्ड्याची आजूबाजूच्या जमिनीपासूनची असते.

जाता जाता: ज्या मोजणीतून या उंच्या आल्या, ती सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, कबरही तिथेच आहे. डोंगरमाथ्यावर कातळात कोरलेलं वर्तुळ आणि मध्ये टिंब दिसलं तर ती सर्वेक्षणाची खूण असते. तिच्यावर चूल मांडू नका, तिच्याभोवतीचे दगड हलवू नका.

---

समोच्च

प्रश्न ३. चूक कोणाचीच नाही, दोन वेगवेगळ्या शून्यांपासून मोजलंय.

जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या गणिती अंडाकृतीपासून. पाटीवरची उंची असते सरासरी समुद्रसपाटीपासून. भारताखाली ही समुद्रसपाटी त्या अंडाकृतीच्या बरीच खाली आहे, सातपुडा आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात ढोबळमानाने ५५ ते ७० मीटर. म्हणून दुरुस्ती न करणारं अ‍ॅप तेवढी उंची कमी दाखवतं. तुमचा ६२ चा फरक बरोबर त्यातच बसतो. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जिऑइड किंवा ईजीएम९६ (समुद्रसपाटीचा गणिती नमुना) असा पर्याय शोधा, चालू केला की आकडा जागेवर येतो. पर्याय नसेल तर अ‍ॅप बदला.

नकाशाचे अ‍ॅप एसआरटीएम माहितीवरून (अंतराळयानातून रडारने मोजलेल्या उंच्या) उंची दाखवत असेल तर वेगळी गोष्ट. त्यात साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची मिळते. सुळक्यासारख्या टोकदार माथ्याची उंची आजूबाजूच्या उताराशी मिसळून कमी येते, पठारावर मात्र बरी येते.

खिंडीत मोजायला हवेच्या दाबावर चालणारं घड्याळ चांगलं, पण तेही सांभाळून वापरावं लागतं. आपल्याकडच्या उंचीवर दाबात १ हेक्टोपास्कलचा (दाबाचं एकक) फरक म्हणजे उंचीत ९ ते १० मीटर. हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो आणि दुपारी चारला उतरलेला, फरक साधारण ३ हेक्टोपास्कल. म्हणजे एकाच दगडावर बसून राहिलात तरी घड्याळ दुपारपर्यंत २५-३० मीटर ‘चढतं’. शिवाय हवा गरम असली की चढ कमी दाखवला जातो: हवा घड्याळाने गृहीत धरलेल्या तापमानापेक्षा २० अंशांनी गरम असेल तर सुमारे ७ टक्के. ८५० मीटरच्या चढात हे जवळपास ६० मीटर झाले.

उपाय: नकाशावर उंची दिलेल्या जागी घड्याळ लावा, शिखर ते खिंड हे अंतर अर्ध्या तासात उरका, परत शिखरावर येऊन वाचन घ्या आणि दोन वाचनांतला फरक वेळेच्या प्रमाणात वाटून टाका. घरून निघताना झिरो माइलच्या खांबावर घड्याळ लावता येतं, तिथली उंची १०२०.१७१ फूट म्हणजे ३११ मीटर. गाडीने गेलात तर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची असतेच.

---

वऱ्हाडी_ट्रेकर

भाऊ, क्रम लावताना उंचीनं लावू नका, तालुक्यानं लावा. नागपूरहून सगळ्यात महाग काय पडते तर जाणं-येणं. एका मुक्कामात तीन-चार शिखरं बसली पाहिजेत. नकाशावाचक दादांचा १०० मीटरचा निकष धरला तरी सगळी उंच शिखरं चार-पाच पुंजक्यांत येतात.

आधी घराजवळचं. धूपगड (मध्य प्रदेशात आहे, तुमच्या यादीत नाही, पण सरावाला उत्तम) तुम्ही केलाच आहे. जिप्सीनं गेले असाल तर तो चढ धरू नका. पचमढीजवळचाच चौरागड पायऱ्यांनी करा, तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. महाशिवरात्रीच्या आठवड्यात जाऊ नका, त्रिशूळ घेऊन चढणाऱ्या भाविकांनी वाट भरलेली असते आणि तो त्यांचा मान आहे. नागद्वारीच्या वाटा तर वर्षातून फक्त नागपंचमीच्या आसपास काही दिवस उघडतात, एरवी व्याघ्र प्रकल्पात येतात म्हणून बंद.

वैराट विदर्भातलं सगळ्यात उंच, पण मेळघाट व्याघ्र प्रकल्पात आहे. पायी जाता येत नाही, वनखात्याच्या परवानगीनं गाडीनं जावं लागते. यादीत ठेवायचं का हे आधीच ठरवा. आणखी एक, आपल्याकडे सर्रास सांगतात की महाराष्ट्रातल्या सातपुड्यातलं सर्वोच्च वैराट. तसं नाही. नंदुरबार जिल्ह्यातलं अस्तंभा १३२५ आहे, म्हणजे वैराटपेक्षा जवळपास दीडशे मीटर जास्त. नागपूर-भुसावळ-नंदुरबार रेल्वेनं जमते, पुढे धडगावकडे. दिवाळीत अश्वत्थाम्याची यात्रा असते, तेव्हा वाट आपोआप सापडते पण गर्दी प्रचंड. एरवी गावातला वाटाड्या घ्याच.

मोठा पुंजका अकोले तालुक्यात. भंडारदरा किंवा राजूरला मुक्काम टाकायचा:

कळसूबाई – बारी गावातून. चढ साधारण ८५० मीटर, एका बाजूनं सहा-साडेसहा किलोमीटर. कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. सकाळी सहाच्या आत पायथा सोडा. शनिवार-रविवारी शिड्यांवर रांग लागते आणि उतरणारे-चढणारे एकाच शिडीवर अडकतात, म्हणून आठवड्याच्या मधले दिवस घ्या.

हरिश्चंद्रगड – पाचनईची वाट सगळ्यात सोपी. देवळापाशी थांबून परत फिरू नका, सर्वोच्च माथा तारामतीचा, तो देवळाच्या वर आहे. बरेच जण कोकणकडा पाहून परततात आणि यादीत टिक करतात.

घनचक्कर – शिरपुंज्याच्या बाजूनं. भैरवगडही त्याच दिवशी होते. वर वाट पुसट, ढोरवाटा चिक्कार, धुक्यात एकसारख्या दिसतात. स्थानिक माणूस सोबत हवाच.

रतनगड – १२९७, रतनवाडीतून. उंचीत खाली आहे पण त्याच मुक्कामात बसते.

जायला संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस, पहाटे इगतपुरी. तिथून घोटीमार्गे बारी ३५ किलोमीटरच्या आसपास. गाडीनं गेलात तर समृद्धीनं इगतपुरी ६२५ किलोमीटर. दुचाकी समृद्धीवर चालत नाही, हे लक्षात ठेवा. चालवणारे दोघं हवेत, आणि गाडी चालवून आल्या दिवशी डोंगर चढू नका. झोप न झालेला माणूस उतरताना पाय चुकवते.

दुसरा पुंजका नाशिकच्या उत्तरेला: साल्हेर, सालोटा, धोडप. रेल्वेनं मनमाड, पुढे सटाणा-ताहाराबाद. वाघांब्यातून चढलात तर साल्हेर आणि सालोट्याच्या मधल्या खिंडीत पोचता, तिथून दोन्ही एकाच दिवसात होतात. आधी साल्हेर करा. सालोट्याची वाट घसाऱ्याची आहे, पाय शिल्लक असतील तरच. साल्हेरवर परशुरामाच्या देवळाचा माथा म्हणजे शिखर, गंगासागर तलाव म्हणजे नव्हे. धोडप हट्टी गावातून.

तोरणा-राजगडचा पट्टा शेवटी ठेवा, पुण्याला कामानं जाणं होतच असते.

---

धरमपेठ_ताई

सप्तशृंगीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून सांगते. देवळापर्यंत सगळे जातात, पण देवळाच्या वरचा कडा चढायला बंदी आहे. माथ्यावर चैत्रोत्सवात आणि नवरात्रात ध्वज लावायला परंपरेने मानाचा एकच माणूस जातो. वाट विचारत फिरू नका, यादीत त्यापुढे ‘चढायचं नाही’ असंच लिहा. यादी करतानाच हे ठरवलेलं बरं. देशातल्या प्रत्येक राज्याचं सर्वोच्च शिखर करू म्हणणाऱ्यांचंही इथेच अडतं: नंदादेवीचा परिसर १९८० च्या दशकापासून गिर्यारोहणाला बंद आहे.

आता तयारी. नागपुरात चढ नाही ही तक्रार खरी, पण जिने आहेत. दहा मजली इमारत म्हणजे साधारण ३० मीटर. कळसूबाईचे ८५० मीटर म्हणजे २८ फेऱ्या. आठवड्यातून दोनदा, आठ फेऱ्यांपासून सुरू करा, दर आठवड्याला दोन वाढवा. अकराव्या आठवड्यात २८ होतात. पाठीवर ६ ते ८ किलो, आणि ते वजन पाण्याच्या बाटल्यांचं असू द्या. गुडघा कुरकुरला तर वर पोचल्यावर पाणी ओतून हलक्या पाठीने उतरता येतं.

लिफ्टने खाली येऊ नका. डोंगरात लोक चढताना दमतात आणि उतरताना जायबंदी होतात. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार घेतो, त्याला हा सराव नसेल तर दीड-दोन तासांत पाय थरथरायला लागतात आणि घसरणं तिथे होतं. रविवारी रामटेकची गडमंदिराची टेकडी वर-खाली करा, दगडी पायऱ्यांची उंची असमान असते, इमारतीच्या जिन्यात तो सराव मिळत नाही.

वेळेचा अंदाज: दर ५ किलोमीटरला एक तास, अधिक दर ६०० मीटर चढाला एक तास. कळसूबाईला हे पावणेतीन तास होतात, विश्रांती धरून साडेतीन. चौघांत जो सर्वात हळू आहे त्याच्या वेगाने मोजा आणि तोच पुढे चालू दे.

पाणी माणशी तीन लिटर, फेब्रुवारीनंतर चार. नुसतं पाणी पीत राहिलं तर घामातलं मीठ भरून निघत नाही, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस आणखी पाणी पितो. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरमध्येच मिसळायचं, अर्ध्या लिटरमध्ये नाही. टाक्यांतलं पाणी डिसेंबरनंतर गृहीत धरू नका.

---

वऱ्हाडी_ट्रेकर

ताईंच्या म्हणण्यात हंगामाचं जोडतो. ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा आपला काळ. डिसेंबरनंतर गवत वाळते, त्याखालची माती सुटी होते, घसारा वाढते. पावसाळ्यात कळसूबाईला झुंबड असते पण शिड्या निसरड्या, शिवाय वरून काही दिसत नाही, मग शिखर ओळखायचं कसं? एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या दुपारी विजेचा धोका. ढग काळे व्हायला लागले की लोखंडी शिडी, रेलिंग, एकटं देऊळ यांपासून दूर, सोंडेवरून खाली उतरायचं.

आणि आग्या मोहोळ. कड्याच्या पोटात पोळी असतात. अत्तर-डिओ लावू नका, धूर करू नका, आरडाओरडा नको. उठल्याच तर तोंड-डोकं कापडानं झाकून आले त्या वाटेनं लांब पळायचं, झटकत उभं राहायचं नाही. नांग्या नखानं लगेच खरवडून काढा, उशीर करू नका.

---

सक्करदरा_चौक

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी १०० मीटर उठावाची धरतो, सप्तशृंगी आणि वैराट वेगळ्या रकान्यात. पहिली खेप नोव्हेंबरात अकोले तालुका. एकच शंका राहिली: अलंग-मदन-कुलंगही त्याच रांगेत आहेत. ते या खेपेत घ्यावेत का?

---

नकाशावाचक

कुलंग घ्या, आंबेवाडीतून. दोर लागत नाही, पण चढ लांब आणि दम काढणारा आहे, त्याला पूर्ण दिवस ठेवा. अलंग आणि मदन या खेपेत नकोत. तिथे कातळटप्पे आहेत, पायऱ्या तुटलेल्या आहेत, खाली खोल दरी. प्रस्तरारोहण येणारा माणूस पुढे हवा आणि तुम्हाला चौघांनाही दोरावरून उतरणं आधी शिकलेलं हवं.

कुठल्या गटाबरोबर जाणार असाल तर निघण्यापूर्वी एवढं विचारा: पुढे चढणाऱ्यासाठी डायनॅमिक दोर आहे का (झटका शोषणारा, स्टॅटिक नव्हे), प्रत्येकाला हेल्मेट आणि हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) आहे का, एका दोरावर किती माणसं उतरवणार. तीस-चाळीस जणांचा गट असेल तर जाऊ नका. एकेकाला दहा मिनिटं धरली तरी शेवटचा माणूस अंधारात उतरतो.

तिथे गेल्यावर खिळ्यांना आधीच्या लोकांनी सोडलेल्या पट्ट्या लटकलेल्या दिसतील. त्यांच्यावर भार टाकू नका. नायलॉन उन्हाने आतून कमकुवत होतं, रंग उडालेली पट्टी धडधाकट दिसली तरी तुटते. स्वतःची पट्टी न्या, दोन वेगळ्या खिळ्यांना बांधा. उतरताना ६ मिलिमीटरच्या दोरीची प्रुसिक गाठ (भार आला की आवळली जाणारी) मुख्य दोरावर घ्या म्हणजे हात सुटला तरी माणूस थांबतो. आणि दोर खाली टाकण्याआधी त्याच्या दोन्ही टोकांना जाड गाठ मारा. दोर जमिनीपर्यंत पोचत नसला तर त्या गाठीवर उतरणारा अडतो, गाठ नसली तर दोराबाहेर जातो.